पान चार

आमच्या कॉलेजच्या फाटकावर बाहेरून येणाऱ्यांसाठी एक वही असे. नाव, गाव, वेळ, कोणास भेटायचे, भेटीचे कारण, असे पाच रकाने. कॉलेजात काम करणाऱ्यांना त्या वहीत काही लिहावं लागत नसे. सुरेखा गव्हाणे मात्र वर्षातला एक आठवडा रोज त्या वहीत सही करून आत येई. नाव: डॉ. सुरेखा गव्हाणे. गाव: इगतपुरी. वेळ: नऊ वाजून दहा. कोणास भेटायचे: डावणी. भेटीचे कारण: तब्येतीची चौकशी.

डावणी हा द्राक्षाच्या पानांवर येणारा रोग. दिंडोरीकडच्या बागाइतदारांसमोर नुसतं नाव घेतलं तरी त्यांचा चेहरा उतरतो. ही बुरशी बाटलीत, बशीत, मेलेल्या कशावर वाढत नाही. जिवंत पानावरच ठेवावी लागते आणि आठ-दहा दिवसांनी नव्या पानावर हलवावी लागते. सुरेखाचा करार अकरा महिन्यांचा असे. पुढचा करार देण्याआधी आठवडाभराचा खंड पाडायचा, म्हणजे सलग नोकरीचा हक्क कोणी सांगू नये, अशी कार्यालयाची रीत होती. त्या आठवड्यात सुरेखा कॉलेजची कोणी नसे. बुरशीला हे कोण समजावणार? म्हणून ती पाहुणी होऊन येई.

फाटकावरच्या पगारेंनी पहिल्या वर्षी तिला अडवलं होतं. "मॅडम, हे डावणी कोण? कोणत्या डिपार्टमेंटला?"

"बॉटनीला, पगारेभाऊ. माझ्याआधीपासून आहेत. ते परमनंट आहेत."

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये किती वेळा सांगितला असेल, त्याला गणती नाही. दर वेळी लोक हसले, मीही हसलो. आज तो लिहून काढताना पहिल्यांदाच लक्षात आलं, की हा किस्सा माझ्याबद्दल होता. ती माझ्या प्रकल्पात काम करत होती. त्या खंडाच्या पत्रावर विभागाकडून सही माझी असे.

सुरेखा हयात आहे, हे आधीच सांगतो. आमच्या विभागात तिच्याबद्दल सगळे भूतकाळात बोलतात, म्हणून सांगावं लागतं. विभागाची स्मरणिका निघते आहे आणि तिच्याविषयी दोन पानं मी लिहावीत असं संपादकांचं म्हणणं आहे. सोबत त्यांनी माझ्याच जुन्या भाषणातलं एक वाक्य टाइप करून पाठवलं, सोयीसाठी: "सुरेखाकडे बुद्धी होती, चिकाटी होती, पुढे जाण्याची हाव तेवढी नव्हती." ते वाक्य मी माझ्या सत्तरीच्या सत्कारात बोललो होतो. ते खोटं आहे. मी आता बहात्तर वर्षांचा आहे. ते तसंच छापून आलं तर दुरुस्त करायला कोणी उरणार नाही.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड लावायची, मुलांनी ती ओळखून आकृती काढायची, असा प्रश्न होता. आमच्या प्रयोगशाळा सहायकाने चुकून एका टेबलावर कोरी काच लावली. अकरा मुलांनी त्या काचेत बुरशी पाहिली. बीजाणू काढले, नावं दिली, बाण दाखवले. बाराव्या उत्तरपत्रिकेत आकृती नव्हती. एवढंच लिहिलं होतं: "काही दिसत नाही. तीन वेळा पाहिले."

मी तिला बोलावलं. केसांना तेल, पायात पावसाळी चपला, चेहऱ्यावर भीती नाही. "बाकीच्यांना दिसलं, तुला कसं दिसलं नाही?"

"त्यांना पुस्तकातलं दिसलं असेल, सर."

"नापास झाली असतीस तर?"

"मग नापास. पण नाही दिसलं हेसुद्धा लिहायचं असतं. नाहीतर वाटतं, आपण गेलोच नव्हतो."

ते शेवटचं वाक्य तिचं नव्हतं, तिच्या वडिलांचं होतं. अण्णा गव्हाणे रेल्वेत कीमन होते. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल होतात. रोज पहाटे आपल्या वाट्याचा रूळ पायी चालायचा, सैल चावी हातोड्याने ठोकायची, तडा दिसला तर लाल झेंडी लावायची, हे कीमनचं काम. इगतपुरीच्या धो-धो पावसात अण्णांनी ते तीस वर्षं केलं. त्यांना लिहिता येत नसे. संध्याकाळी ते सांगत आणि चौथीतली सुरेखा त्यांची डायरी लिही. काही सापडलं नाही त्या दिवशी पोर पान कोरं सोडू लागली तर अण्णा म्हणत, "तसं नाय. लिव्ह. चाललो, बघितलं, काय नाय दिसलं. कोऱ्या पानावरनं काय कळतंय, मी चाललो का घरी झोपलो?"

तिच्या संशोधनाच्या वह्या त्याच डायरीची धाकटी भावंडं होती. प्रत्येक पानावर दोन शीर्षकं: 'दिसले' आणि 'नाही दिसले'. इतर विद्यार्थी फसलेले प्रयोग फाडून टाकत. सुरेखाच्या वहीत फसलेला प्रयोग साग्रसंगीत असे, कोणत्या पायरीला आपलीच चूक झाली त्यासकट. मी कधी म्हणालो, "अगं, हे कशाला लिहितेस, उद्या कोणी पाहिलं तर?" तर ती म्हणे, "पाहावं म्हणूनच लिहिलंय, सर."

तिने माझ्याकडे पीएच.डी. केली. मग बंगळूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक म्हणून दोन वर्षं राहून आली. पोस्टडॉक म्हणजे काय, हे अण्णांना तिने असं समजावलं होतं: "शिकून झालंय, पण नोकरी लागली नाही. मधल्या फलाटावर बसायचं." बंगळूरचे लोक तिला आणखी ठेवायला तयार होते. मीच फोन केला. आमच्या विभागातले एक प्राध्यापक निवृत्त होत होते, त्यांची जागा निघणार होती. "ये परत," मी म्हणालो, "ही तुझीच जागा आहे." ती आली. जागा मंजूर होती, भरायची परवानगी नव्हती. एक वर्ष गेलं, दोन गेली, पुढे त्या जागेचे तास तासिका तत्त्वावर वाटून टाकले आणि जागा कागदावरच म्हातारी झाली. तोवर सुरेखा माझ्या प्रकल्पात अकरा महिन्यांच्या करारावर रुजू झाली होती. इथपर्यंत माझी चूक नव्हती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. इथपर्यंतची चूक कदाचित खरंच माझी नसेल.

ती पहाटेच्या गाडीने इगतपुरीहून नाशिक रोडला येई, तिथून वाटून घेतलेल्या रिक्षेने द्वारका चौकावरून कॉलेजला. चौकात वाहतूक अडकली की रिक्षावाल्याशी वाद न घालता उतरून कॉलेजपर्यंत चालत येई. "रुळावर चालणाऱ्याची मुलगी आहे, डांबरावर काय त्रास," म्हणे. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर मात्र ती कॉलेजात कमी आणि दिंडोरीच्या बागांत जास्त असे. दव पडलेलं असताना पानं मोजायची, पान किती वेळ ओलं राहिलं ते पाहायचं, कारण डावणी ओल्या पानावरच धरते. सकाळी भाड्याची जीप तिला पहिल्या बागेशी सोडी, आणि बाळासाहेब नावाचा एक बागाइतदार तिथं आधीच उभा असे.

"मॅडम, लय ढग हाय आज. मारू का फवारा?"

"आज नको. वारा आहे, पानं दहाच्या आत सुकतील."

"समदे मारून राहिले, मॅडम. शेजारच्यानं रातीच मारला."

"शेजाऱ्याला विचारा, त्याने काय पाहिलं. मी पान पाहिलंय. आणि हा माझा अंदाज आहे बाळासाहेब, पाहिलेलं नाही. चुकला तर मला येऊन सांगायचं, लपवायचं नाही."

तो अंदाज कधी चुके. चुकला की ती स्वतः त्याच्या बागेत जाऊन रोग पडलेली पानं मोजे आणि त्याच्या देखत वहीत लिही: अंदाज चुकला. बाळासाहेब मला म्हणाला होता, "सर, औषधवाले येतात ते कधी चुकतच नाय. ह्या मॅडम चुकल्या तर सांगतात. म्हणून ह्या नको म्हणल्या की मला झोप लागते."

तिच्या वह्यांवर माझे शोधनिबंध निघत. पहिलं नाव माझं असे, दुसरं तिचं. आमच्यात तशीच पद्धत होती. तिने कधी त्याबद्दल शब्द काढला नाही. लग्नाचा विषय मी एकदा काढला, तर म्हणाली, "अकरा महिन्यांसाठी कोण हो म्हणेल, सर?" आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोळा घातला.

अण्णा निवृत्त झाल्यावर एकदा प्रयोगशाळेत आले. इगतपुरीचा तांदूळ घेऊन आले होते. खुर्चीवर बसेनात. सगळीकडे फिरले, खिडकीच्या बिजागरीवर बोट आपटून पाहिलं, तीस वर्षांची सवय. मग माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "साहेब, पोरगी परमनंट कधी होनार?"

सुरेखा म्हणाली, "अण्णा, असं विचारतात का?"

"मंग कसं विचारतात? मी रूळावं लागलो तवा मला सही नव्हती येत. अंगठा लावून परमनंट झालो. हिला तर लय लिवता येतं. मंग अडलंय कुठं?"

"यंदा होईल, अण्णा," मी म्हणालो.

"तुमी म्हनला म्हंजे झालं."

आता जे सांगायचं आहे, त्यासाठी आमच्या क्षेत्रातली एक रीत सांगावी लागेल. मोठ्या संशोधन संस्थेत कायमच्या जागेसाठी अर्ज करायचा, तर मार्गदर्शकाचं शिफारसपत्र लागतं. आता ते संगणकावरून जातं. तेव्हा अनेक संस्थांचा पाच पानी छापील फॉर्म असे. मार्गदर्शकाने तो गुपचूप भरायचा, पाकीट बंद करायचं आणि परस्पर पाठवायचं. उमेदवाराने ते पाहायचं नाही, असा नियम. प्रत्यक्षात कोणता मार्गदर्शक एवढं बसून लिहितो? "तूच लिहून आण, मी सही करतो," हे वाक्य मी माझ्या गुरूंकडून ऐकलं होतं, तेच माझ्या विद्यार्थ्यांना ऐकवलं. आणि मुलं लिहून आणत. स्वतःला असामान्य म्हणत, विलक्षण म्हणत, दहा वर्षांतला सर्वोत्तम म्हणत. मी न वाचता सही करी. त्यातली बरीच मुलं आज कायमच्या खुर्च्यांवर आहेत.

सुरेखाही लिहून आणी. पहिली तीन पानं तपशिलाची, तिच्या सुवाच्य अक्षरात. पाचवं पान सहीचं. फॉर्मला वर टाचणीने लावलेली एक चिठ्ठी असे: "पान चार आपण भरावे. सही पान पाच." मी कामात असे, माझी नजर 'पान पाच'वर जाई. सही करी, चिठ्ठी काढून टाके, पाकीट बंद करून शिपायाच्या हाती देई. किती वेळा? सात-आठ वेळा तरी. नकार येत गेले. ती दर नकारानंतर वहीत एक ओळ लिही आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडे. मी तिला समजावत असे, "अगं, स्पर्धा फार आहे. एका जागेला शेकड्याने अर्ज असतात." ते खरंच होतं. म्हणून तर ते वापरायला सोपं होतं.

एका परिषदेत चहाच्या टेबलाशी एक गृहस्थ भेटले. अशाच एका संस्थेच्या निवड समितीवर ते होते. सहज म्हणाले, "तुमची ती द्राक्षवाली मुलगी. काम चांगलं होतं हो. पण तुम्हीच काही बोलला नाहीत, मग आम्ही काय करणार?"

"मी बोललो नाही?"

"उमेदवाराविषयी आपले स्पष्ट मत. अख्खं पान कोरं. आम्ही काय, समजून जातो. माणसाला वाईट लिहायचं जिवावर येतं, तेव्हा तो काहीच लिहीत नाही. मागच्या वेळीही कोरंच होतं म्हणे."

पान चार. बाकीची मुलं तेही स्वतःच भरून आणत आणि तिथेच स्वतःला असामान्य म्हणत. सुरेखा ते सोडून देई, कारण तिथे माझं मत हवं होतं आणि माझं मत तिने पाहिलेलं नव्हतं. मी ते भरत असेन, असं ती समजत होती. जे पाहिलं नाही ते तिने लिहिलं नाही आणि जे लिहायचं होतं ते मी पाहिलं नाही. सात-आठ पाकिटं अशी गेली होती.

नाशिकला परतताना गाडीत मी ठरवलं, पुढचा फॉर्म आला की पान चार मी स्वतः लिहीन. भरगच्च लिहीन. तिला मात्र काही बोललो नाही. लाज वाटली. दुरुस्तीच करून टाकू, सांगायची गरज काय, असा विचार केला.

पुढचा फॉर्म वर्षभरात आला. ती चाळीशीला आली होती. वयाच्या अटीत बसणारी ती शेवटची जागा होती. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण मानद प्राध्यापक म्हणून प्रयोगशाळेत येत होतो. माझी खोली, माझी किल्ली, दारावरची माझी पाटी हे सगळं त्या प्रकल्पाच्या आधाराने उभं होतं. दोन महिन्यांनी प्रकल्पाची तपासणी व्हायची होती, मुदतवाढ मिळणार की नाही ते तेव्हा ठरणार होतं. आणि प्रकल्प म्हणजे सुरेखा. तिच्या वह्या, तिची पानं, दिंडोरीचे तिचे बागाइतदार. ती गेली तर तपासणीला दाखवायला माझ्याकडे काय होतं? माझी पाटी.

त्या दुपारी ती फॉर्म टेबलावर ठेवून म्हणाली, "सर, ही शेवटची. घाई नाही, सावकाश भरा."

"ठेव."

ती दिंडोरीला गेली. मी फॉर्म उघडला. चिठ्ठी वाचली, दोन्ही वाक्यं. पान चार काढलं. ते कोरं होतं. पेनाचं टोपण काढलं. काय लिहायचं ते मला शब्दशः ठाऊक होतं, वर्षभर मनात घोळवलं होतं. दहा-पंधरा मिनिटं मी तसाच बसलो. मग मनात आलं, पुढच्या वर्षी बघू, आधी तपासणी होऊन जाऊ दे. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नाही, हे मला माहीत होतं. माहीत असूनही 'पुढच्या वर्षी' हा शब्द मनात उमटू दिला. पान उलटलं, पाचव्या पानावर सही केली आणि पाकीट बंद केलं. चिठ्ठी मात्र का कोण जाणे, टाकवली नाही. खणात ठेवली.

तपासणी उत्तम झाली. प्रकल्पाला दोन वर्षं मुदतवाढ मिळाली. सुरेखाला नकार आला.

त्या दिवशी तिने मला विचारलेला एकच प्रश्न आठवतो. "सर, माझं नेमकं काय कमी पडतं?" मी म्हणालो, "नशीब." तिने मान हलवली. नशीब हा शब्द तिच्या कोणत्याही वहीत नव्हता, पण माझा शब्द खाली पडू देण्याची तिची रीत नव्हती.

दोन वर्षांनी प्रकल्प संपला. शेवटच्या दिवशी तिने बुरशी ठेवलेली पानं उकळत्या पाण्यात टाकली, बश्या धुतल्या, वह्या कपाटात ओळीने लावल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. जाताना फाटकावरच्या वहीत तिने नाव लिहिलं. पगारे म्हणाले, "मॅडम, जाताना नाय लिहायचं, येताना." ती म्हणाली, "आज आल्याचं लिहायचं राहिलं होतं, पगारेभाऊ." करार आदल्याच दिवशी संपला होता. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं: "काम नाही."

तेव्हापासून ती हंगामात दिंडोरीच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये पेट्या तपासते, निर्यातीआधी. बाकीचे महिने इगतपुरीत दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. माझ्या सत्काराला आली होती. मागच्या रांगेत बसली होती. 'हाव नव्हती' हे वाक्य मी तिच्या देखत बोललो आणि तिने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

पुढे कधीतरी बाळासाहेब नाशिकला भेटला. म्हणाला, "मॅडम आमच्या पॅकहाउसला असत्यात आता. मी म्हणलं, एवढ्या शिकल्या, हितं कशा? तर लोक म्हणत्यात, त्यान्ला पुढं जायचंच नव्हतं. तुमीच म्हणला होता म्हणं." ते ऐकून मी घरी गेलो आणि जेवलो नाही.

गेल्या पावसाळ्यात मी इगतपुरीला गेलो. सांगूनच टाकायचं, असं ठरवून गेलो. अण्णा आता अंथरुणावर आहेत, ऐकू येत नाही. तिने चहा केला. पाऊस असा होता की बोलायला आवाज चढवावा लागत होता. भिंतीला लागून दहावीच्या मुलांची दप्तरं, खिडकीत तिची एक वही. अजून ती पानं पाहते, दारातल्या भोपळ्याच्या वेलाची. त्यावरही डावणी येते म्हणाली, वेगळी.

मी विषय कसा काढावा या विचारात होतो. तिनेच काढला.

"सर, एक विचारू? आता काही फरक पडत नाही म्हणून विचारते. ते पाकीट बंद असायचं, म्हणून मी कधी विचारलं नाही. पान चारवर तुम्ही काय लिहायचात?"

मी कप खाली ठेवला.

"तुम्ही खरं तेच लिहिलं असणार," ती म्हणाली. "वाईट वाटून नाही घेणार मी. काय कमी होतं तेवढं कळलं तर बरं. इतकी वर्षं शोधतेय, मला काही सापडत नाही. रात्रंदिवस तेच नाही हो, पण मध्येच आठवतं. पेटी तपासताना आठवतं. मला न दिसलेलं काहीतरी तुम्हाला दिसलं असेल."

ती माझ्याकडे बघत होती. कोऱ्या काचेसमोर बसलेली ती मुलगीच जणू. तेव्हा मला काय म्हणायचं होतं ते सगळं जिभेवर होतं. मी म्हणालो, "आता आठवत नाही गं. वय झालं."

"मग राहू दे," ती लगेच म्हणाली. "आठवत नाही ते सांगू नये."

स्टेशनपर्यंत ती छत्री घेऊन सोडायला आली. माझ्या बाजूला छत्री जास्त धरली होती, तिचा उजवा खांदा भिजला. गाडी हलली तेव्हा ती रुळांकडे खाली बघत होती, अण्णांसारखी.

'आठवत नाही' हे मी सांगितलेलं शेवटचं खोटं. संपादकांनी पाठवलेलं वाक्य मी खोडलं आहे. या लेखाची पहिली प्रत मी आजच इगतपुरीला पाठवतो आहे. तिने वाचल्याशिवाय हा छापू नये, असं संपादकांना कळवलं आहे. ती हा लेख वाचेल, माझ्या चुका पेन्सिलीने दाखवेल. कदाचित परतही पाठवणार नाही. तो तिचा हक्क आहे.

चिठ्ठी माझ्यासमोर टेबलावर आहे. टाचणीचा गंज कागदावर उतरला आहे, अक्षर अजून स्वच्छ आहे. पान चार आपण भरावे. तिच्या पद्धतीने भरतो.

स्थळ: प्रयोगशाळा, खिडकीजवळचे टेबल. वेळ: गुरुवार, दुपारी पावणेचार. उजेड पुरेसा होता. निरीक्षकाने चष्मा लावला होता.

दिसले: चिठ्ठी. कोरे पान. निरीक्षकाने दोन्ही पाहिले, पेन उघडले, काही लिहिले नाही, सही केली.

नाही दिसले: सुरेखा गव्हाणे हिच्या कामात काही कमी. वीस वर्षे पाहिले.